सोयाच्या दुधावरची साय

प्रिय सोनल,

फोन केला असता तर तू कापला असतास, म्हणून लिहितेय. तीनदा साबण लावून हात धुतले, तरी बोटांचा वास जात नाही. तू पिंपळवंडीला माहेरी निघून गेलीस, तेव्हा संस्कृतीच्या सोयाच्या दुधाचा फोडलेला खोका फ्रिजमध्येच राहिला होता. त्याला आता वीस दिवस झाले. उद्या पोरीचा पाचवा वाढदिवस. तिला दूध बाधतं, म्हणून बिनदुधाचा केक करून तिच्या बापाबरोबर, सुनीलबरोबर पाठवावा असं मनात आलं. शेजारच्या रत्नाने मोबाइलमध्ये बघून सांगितलं, सोयाचं दूध आंबलं तरी केकला चालतं. मला लगेच पटलं. आपल्याकडे नासलेलं दूध कधी कुणी टाकलंय का?

खोका उघडला आणि ओकारीच आली गं. ओल्या पोत्याखाली उंदीर मरावा, तसली घाण. ओतायला गेले तर धार पडेना. करडे गोळे बदाबदा पडले आणि मागून बुळबुळीत तार लोंबत राहिली. शहाण्या बाईने तिथेच उकिरडा दाखवला असता. मी नाकाला पदर लावून ते गाळलं, मैदा, गूळ, वेलदोडे घातले आणि शिट्टी काढून कुकरमध्ये भाजायला ठेवलं. वेलदोड्याने ती घाण आणखीच गोडसर झाली. तुझ्या सासऱ्यांनी घास तोंडात घेतला आणि तसाच अंगणात जाऊन थुंकला. म्हणाले, "सरू, ह्यात काय मेलंय का गं? लई बेकार!" कुत्र्यानेसुद्धा हुंगून पाठ फिरवली. मी चिमूटभर चाखलं, ते अजून घशात अडकल्यासारखं वाटतंय.

मग भांडी घासायला बसले, तर गाळणीला पिवळट, तुपकट साय चिकटलेली. सोयाच्या दुधाला कुठली एवढी साय? ती आपल्या म्हशीची होती.

सोनल, त्या खोक्यात वाटीभर म्हशीचं दूध मीच ओतलं होतं. नुसत्या सोयाबीनच्या पाण्यावर पोर कशी वाढायची, ही माझी अक्कल. तू बिचारीने त्यातूनच तिला पेला भरून दिलास. तिचं तोंड सुजलं, श्वास लागला, नारायणगावच्या दवाखान्यात पळवावं लागलं. तिथे सगळ्यांसमोर सुनीलने तुला बोल लावला, पोरीला काय खाऊ घातलंस म्हणून. मी शेजारीच तिचे पाय चोळत बसले होते, आणि गप्प राहिले. एवढ्याशा दुधाने काही होत नाही, असं मनाशी इतकं घोकलं, की त्याच खोक्याचा केक मी परत तिलाच पाठवायला निघाले होते. आज त्या वासापेक्षा माझीच जास्त किळस येतेय.

सुनीलला सगळं सांगितलंय. ही चिठ्ठी घेऊन तोच येतोय, तुझी माफी मागायला. मला ती मागायला तोंड नाही. परत आलीस तर तिच्या दुधाला मी शिवणार नाही, शपथ घेते. आणि उद्या संस्कृतीने विचारलं, आजीने केक का नाही पाठवला, तर तिला खरं तेच सांग.

तुझीच सासू,
सरूबाई