खिळ्यांचा पट्टा

निरगुडसर, मंगळवार, दिवेलागणीला

मोबाईलवरच्या गेममधला बिबट्या आज अखेर माणसाळला. रोज मांस टाकून, हाका मारून महिनाभर शिकवत होते त्याला. परवा खऱ्या बिबट्याने आमचा मोती दारातून उचलला, तरी मी खेळतच राहिले. का, कोण जाणे. सुरू केलेलं सोडवत नाही म्हणून? की एक तरी बिबट्या माझं ऐकतो म्हणून?

मोती म्हणजे आबांचा मेंढरांमागचा कुत्रा. रानात त्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असायचा, बिबट्याने मान धरू नये म्हणून. घरी आल्यावर पट्टा काढायचा, ही आमच्याकडची रीत. मोती उंबऱ्याशी मान खाली घालून उभा राहायचा आणि आबा पट्टा काढून खुंटीला अडकवायचे. परवाही तसंच झालं. घर म्हणजे काही रान नव्हे, असं आम्ही धरून चाललो. घराला लागून ऊस असताना! मूर्खच आम्ही.

बिबट्या शिकला म्हणून गेमने बक्षीस दिलं, तेही खिळ्यांचा पट्टा. मी लगेच घातला त्याला, हौसेने. आबा मागे उभे आहेत हे कळलंच नाही. परवापासून ते कुणाशी बोललेले नव्हते.

"काय बी घाल त्याला," आबा म्हणाले, "पर पट्टा नगं घालू, बाय."

"काढते, आबा," म्हटलं आणि बटण दाबलं.

पट्टा काढून घ्यायला बिबट्याने मान खाली घातली. अगदी मोती घालायचा तशी.