गुडघ्यांखालचं मीठ

मुंबई,
ता. १४ मार्च १९७४

प्रिय आई,

आज नमस्कार लिहीत नाही. हात जोडायची इच्छाच नाही. राग आलाय मला, आणि तो तुझाही आलाय. हे पत्र दुपारच्या टपालाने येईल. दाजी, आम्हा दोघींचे बाप, मिठागरावर असतील, शेवंती सकाळच्या शाळेतून आलेली असेल, आणि तू तांदूळ निवडता निवडता तिला म्हणशील, वाच गं, ताईने काय लिहिलंय बघ. तुला अक्षरओळख नाही. तेव्हा माझा प्रत्येक शब्द त्या दहा वर्षांच्या पोरीच्या तोंडूनच तुझ्या कानी जाणार, हे मला माहीत आहे. माहीत असूनच लिहितेय. मध्येच पुरे कर म्हणू नकोस. तिला शेवटपर्यंत वाचू दे.

तुझं पत्र मिळालं. सोबतचा अंगाराही मिळाला. अगं, कसला अंगारा पाठवतेस? इथे कॉलेजात शिपाई असलेल्या आपल्या महिपतने म्हणे दाजींना भाईंदर स्टेशनवर गाठून सांगितलं, तुमची सुगंधा कॉलेजात वेडी झाली, वेड्यांच्या डॉक्टरकडे जाते. त्या मेल्याच्या जिभेला हाड नाही. आणि तू लगेच धरून बसलीस की बाहेरचं काहीतरी लागलं, खाडीवरून पाठी आलं. बाहेरचं काही लागलेलं नाही, आई. जे आहे ते आपल्या घरातलंच आहे. आणि पत्राच्या शेवटी, भाजीला काय केलं हे सांगावं तितक्या सहज तू लिहवून घेतलंस की शेवंती हट्टी झालीय, दाजी आता तिलाही वळण लावतायत. त्या वाक्याकडे मी येतेच आहे. आधी काय झालं ते माझ्याकडून ऐक.

आमची रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल परीक्षा होती. त्यात बशीत पांढरे खडे देतात, तो क्षार कोणता ते ओळखायचं असतं. त्यात माझा हातखंडा, आमचे सरही म्हणतात. त्या दिवशी माझ्या हातून काचेची नळी निसटली, फुटली, आणि पाठीमागून परीक्षक खेकसले, काय केलंस हे? एवढंच. कुणी मारलं नाही, बोटही लावलं नाही. आणि तुझी शहाणी, पहिल्या नंबराची लेक, एकोणीस वर्षांची घोडी, सगळ्यांसमोर साडी गुडघ्यांच्या वर ओढून त्या काचांतच गुडघे टेकून बसली. दोन्ही हात वर. तोंडातून आवाज नाही. मला कुणी बस म्हटलं नव्हतं गं, पाय आपणहून दुमडले. मुलं आधी हसली, मग एकेक करून मागे सरकली. कॉनी, माझ्या हॉस्टेलच्या खोलीतली मैत्रीण, भाईंदरपलीकडच्या उत्तनच्या कोळीवाड्यातली, आपलं टेबल सोडून आली आणि माझ्याशेजारी खाली बसली. माझे हात धरून खाली घेत राहिली. ते खाली येतच नव्हते. माझी परीक्षा गेली, माझ्यापायी तिचीही गेली.

आता तरी आठवलं ना? आपण दोघी याबद्दल कधी बोललोच नाही, म्हणून आज मी बोलते. मिठागराचा मुकादम कधी पोरांवर हात उगारत नाही, असं दाजी अख्ख्या वस्तीत छाती काढून सांगतात. खरंच आहे. हात कशाला दुखवून घ्यायचा? मडक्यातलं जाडं मीठ ओंजळभर जमिनीवर पसरायचं, पोरीला उघड्या गुडघ्यांनी त्यावर बसवायचं, हात वर करायला लावायचे आणि आपण विडी पेटवून बाजेवर बसायचं. हूं की चूं केलं की पुन्हा पहिल्यापासून. शाई सांडली, मीठ. पाढा चुकला, मीठ. जास्त हसले, तरी मीठ. उन्हाळ्यात निदान ते आगरावर असायचे. पावसाळ्यात आगर बंद पडलं की दिवसभर घरात. शेजारची पोरं साचलेल्या पाण्यात नाचायची आणि मी घरात पाढे घोकत बसायचे. दारू नाही, जुगार नाही, म्हणून वस्ती त्यांना देवमाणूस म्हणते. डोंबलाचा देवमाणूस!

आणि तू? तू खिडकी लावून घ्यायचीस. सरूबाई विरजण मागायच्या निमित्ताने दारात यायची. शेजारीण ती, तिला सगळं कळत होतं. तिला तू उंबऱ्यावरूनच सांगायचीस, पोर पडली, खरचटलंय जरा. मग दाजी बाहेर गेले की मला मांडीवर घ्यायचीस, गुडघ्यात रुतलेला एकेक खडा नखाने काढायचीस, खोबरेल लावायचीस आणि माझ्यापेक्षा जास्त रडायचीस. किती मऊ हात होते गं तुझे! मला वाटायचं, एवढी माया दुसऱ्या कुणाच्या आईला नसेल. पण त्यानंतर तू ते मीठ झाडून गोळा करायचीस, सुपात पाखडायचीस आणि परत मडक्यात भरायचीस. वाया कशाला घालवायचं, म्हणायचीस. तेच मीठ संध्याकाळी आमटीत पडायचं, आणि पहिला घास घेताना दाजी म्हणायचे, खाल्ल्या मिठाला जागा. आपल्याला मिठाचा कसला तोटा होता, आई? दारात ढीगच्या ढीग रचलेले असायचे. ती एक ओंजळ फेकून दिली असतीस तर काय बिघडलं असतं?

इथल्या मोठ्या इस्पितळात एक डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी विचारलं, घरी सगळं ठीक होतं का? मी पटकन म्हटलं, हो, वडील शिस्तीचे, त्यांच्या धाकामुळेच शिकले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, माझ्याकडे कॉलेजातली जी मुलं येतात, झोप उडालेली, पेपर हातात आला की गोठणारी, गच्चीच्या कठड्याशी जाऊन उभी राहणारी, त्यातली कितीतरी हेच वाक्य बोलतात. कुणाच्या घरी पट्टा, कुणाच्या घरी पेटती उदबत्ती, कुणाच्या घरी अंधारी खोली. सगळी हुशार, सगळी शिस्तीच्या घरातली. अगं, मी धाकामुळे शिकले नाही, तिथून सुटायला म्हणून शिकले! आणि ऐक, हॉस्टेलच्या गच्चीच्या कठड्याशी मीही उभी राहिले होते. दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, घरी यायचं म्हणून. तेव्हाही कॉनीनेच मला खाली आणलं. आता औषध घेतेय, बाईंशी जाऊन बोलते, झोप लागते. मला वेड लागलेलं नाही, मी बरी होतेय. अंगारा खिडकीतून फेकून दिलाय.

तुला जमत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी मॅट्रिक झाले तेव्हा दाजींनी माझं लग्न ठरवायला घेतलं होतं. तू चुलीपुढून उठलीस आणि म्हणालीस, पोर कॉलेजात जाईल, नाहीतर मी विहीर जवळ करीन. दाजींनी ठरत आलेलं लग्न मोडलं होतं, आई! मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे तुझा शब्द त्या घरात चालतो. मग माझ्या गुडघ्यांसाठी का नाही चालवलास? आणि आता ते वळण लावण्याचं वाक्य. ते तू सांगितलंस आणि शेवंतीने स्वतःच्या हाताने लिहिलं. एकही काना-मात्रा चुकलेली नाही. चुकलं की काय होतं ते तिला माहीत आहे.

खरं सांगू? हे पत्र तुझ्यासाठी नव्हतंच, आई. तुला यातलं सगळंच ठाऊक आहे. शेवंते, हे तुला आहे. तू आईच्या निरोपाखाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहिलंस, ताई, मी आता मुळीच रडत नाही, दाजी म्हणतात मी तुझ्यापेक्षा बरी. ते वाचल्यापासून माझा राग उतरलेला नाही. तू काही केलेलं नाहीस. शाई सगळ्यांची सांडते, पाढे सगळ्यांचे चुकतात. आपण जिच्याकडून बोंबील घेतो ती बाजारातली फ्लोरिनमावशी कॉनीची आई आहे. तिला सगळं सांगितलंय. ती म्हणाली, आन तिला, घरान जागा हाय, मीठ आमी फक्त मासलीला लावतो. एवढं वाचून झालं की दप्तर उचल आणि तिच्याकडे जा. ती तुला उत्तनला नेईल, शनिवारी मी तिथे येतेय. दाजी शोधत आले तर मी बोलेन त्यांच्याशी, उभं राहून. आई, तुला एकच काम सांगते, आज खिडकी लावू नकोस आणि दारात आडवी येऊ नकोस. तिच्याबरोबर निघालीस तर तुलाही तिथे जागा आहे. शेवंते, आई आता रडत असेल, तिच्याकडे बघत बसू नकोस. ऊठ. वाटेत रडू आलं तर रड. भर बाजारात, मोठ्याने रड.

तुझीच,
ताई