मजकूर वरीलप्रमाणे

॥ श्रीराम ॥

जळगाव, ता. १२ एप्रिल १९४३

चि. सौ. मंजुळा हीस थोरल्या बहिणीचे, ताईबाईचे, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू पाठवलेलं पोचलं: मुगाचे वाळवलेले वडे एक पिशवी, लताचं जुनं झबलं मापासाठी, आणि पत्र. पाकीट जड झालं म्हणून पोस्टमनने एक आणा वर घेतला. पुढच्या वेळी पातळ कागदावर लिही.

सोबत कादंबरीची दहा ते अठरा प्रकरणं उतरवून पाठवते. वाचनालयाचं पुस्तक आखाजीच्या सणाआधी परत करायचं आहे, आणि लढाईमुळे कागद मिळेनासा झालाय. म्हणून हेमवतीचा नवरा दाजीसाहेब तिला माहेरून न्यायला येतो, तिथे तोच मजकूर पुन्हा पुन्हा आला तसं मी नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहिलं आहे. हिशेबाच्या वहीत रोजच्या दुधापुढे लिहिते तसं. लिहिणाऱ्याच्या वेळी कागद स्वस्त असावा!

भाऊचं कार्ड आलं, त्यात पितांबरराव यावलहून पुन्हा येऊन गेल्याचं आहे. सहा महिन्यांच्या पोरीसकट तुला भावाच्या दारात सोडून गेलेला माणूस दोन वर्षांनी कसा उगवला? काय म्हणतात ते सविस्तर लिही. जीव लागून राहिलाय.

रामरायाला तुझी काळजी आहे. माझ्यावर माया असू दे.

ताईबाई

॥ श्री ॥

धुळे, ता. १८ एप्रिल १९४३

ती. सौ. अक्कास मंजुळाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

प्रकरणं दोनदा वाचली. हेमवती शेवटी दाजीसाहेबांच्या मेण्यात बसते तिथे मला रडू आवरेना. किती वेळा आला ग तो माणूस! दाजीसाहेब आले, वरीलप्रमाणे; पुन्हा आले, वरीलप्रमाणे. पाचदा उंबरा झिजवला, पण एकदाही तोंडातून वाकडा शब्द नाही.

अक्का, हेही पाचदाच आले. यावल काही जवळ नाही. दर वेळी हात जोडून चुकलो म्हणाले, बठ्ठं विसर, सगळं विसर म्हणाले. मी किती ताणू? भाऊला सांगून टाकलं, आखाजीच्या दुसऱ्या दिवशी निघते. त्याच्या कपाळावरची आठी गेली बघ. वहिनींनी तर आजच माझी ट्रंक पुसून ठेवली. या घरात एवढ्या तातडीने कधी काही पुसलेलं मी पाहिलं नव्हतं.

हेमवतीचं पुढे बरं होतं ना? तेवढं लवकर लिही. लोभ आहेच, तो कमी करू नकोस.

मंजुळा

॥ श्रीराम ॥

जळगाव, ता. २१ एप्रिल १९४३

चि. सौ. मंजुळा हीस आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. ट्रंक भरू नकोस. आधी हे नीट वाच.

माझ्या हातून मोठी चूक झाली. काल दुपारी मूळ पुस्तक घेऊन दाजीसाहेबांच्या पाचही भेटी सासूबाईंना मोठ्याने, एक अक्षर न गाळता वाचून दाखवल्या. पहिल्या भेटीत दाजीसाहेब पगडी मांडीवर ठेवतात, पाणी मागतात, विहिरीच्या गारव्याची तारीफ करतात, घर ओस पडलं म्हणतात आणि उपरण्याच्या डाव्या टोकाने डोळे पुसतात. सासूबाईंनीही पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्या भेटीत तेच, त्यांनी मान डोलावली. तिसऱ्या वेळी हसल्या. चौथ्या वेळी तर पुढचं वाक्य माझ्याआधी म्हणाल्या आणि वर म्हणाल्या की मेल्याने पाठ केलंय सगळं. पाचव्या वेळी मी मागची पानं उलटून ताडून पाहिली. तेच डावं टोक, तोच गारवा, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

मी 'वरीलप्रमाणे' लिहिलं आणि तुला त्यात माणसाची चिकाटी दिसली. लिहिणाऱ्याने मात्र पाचदा तेच लिहून दाखवलं होतं, की हा माणूस तसूभर हललेला नाही.

हेमवतीचं पुढे काय होतं ते मुद्दाम सांगत नाही. तुझं घर कादंबरीवरून ठरायला नको. माझ्या काटकसरीवरून तर नकोच नको. सोबत पाच कोरे कागद आहेत. पितांबरराव पाचदा आले, तर एकेका कागदावर एकेक भेट लिही. काय म्हणाले, कुणाविषयी विचारलं, काय विचारलं नाही. पाचही शेजारी मांड आणि मग ठरव. कदाचित त्यांचं मन खरंच पालटलं असेल. तसं दिसलं तर मी स्वतः तुझी ओटी भरायला येईन.

देवापुढे बसून वाट पाहते. माया असू दे.

ताईबाई

॥ श्री ॥

धुळे, ता. २६ एप्रिल १९४३

ती. सौ. अक्कास शि. सा. नमस्कार. वि. वि.

कागद भरले. पहिला लिहिताना तुझा राग आला होता. तिसऱ्यावर हात थांबला. पाचही कागदांवर आधी चुकलो, मग आई लकव्याने अंथरुणाला खिळली, मग तिला भरवायला घरात बाई नाही, मग म्हशीचे हाल, मग बठ्ठं विसर. एकेका भेटीत वाटलं होतं की बिचारे गोंधळलेत, लताचं विचारायचं राहून गेलं. पाच कागद शेजारी ठेवल्यावर तसं म्हणवेना.

तरी मन मानेना. काल रविवारी ते सहाव्यांदा आले. मी दाराआड उभी राहिले. त्यांच्या आधी माझेच ओठ हलत होते, लकवा, भरवणं, म्हैस. लता उंबऱ्यावर चिंचोके मांडून बसली होती. त्यांचा पाय चिंचोक्यांवर पडला तशी ती रडली, आणि त्यांनी भाऊला विचारलं की ही कोणाची पोर.

मी आतूनच सांगितलं, मी येत नाही.

भाऊ फार तापला. चार लोकांत नाक कापलंस म्हणाला. आखाजीनंतर आपली सोय आपण बघ असंही म्हणाला. वहिनी बोलत नाहीत. भाऊजींना विचारून नको, अक्का, तू तुझं सांग. आम्हा दोघींना तुझ्याकडे जागा आहे का? मी शिवण करीन, दळण करीन. जीव टांगणीला आहे.

मंजुळा

॥ श्रीराम ॥

जळगाव, ता. २८ एप्रिल १९४३

चि. सौ. मंजुळा हीस आशीर्वाद. वि. वि.

या. दोघी या. आखाजीला लेकी माहेरी येतात, तू बहिणीकडे ये.

यांना सांगितलं. किती दिवस, असं यांनी विचारलं. मी म्हटलं, ते मी तिला विचारलेलं नाही, विचारणारही नाही. मग बराच वेळ सुपारी कातरत बसले आणि शेवटी म्हणाले की मागच्या खोलीचं दार घासतं, सुताराला बोलवायला हवं. सासूबाईंनी लताला आपल्याजवळ निजवायचं ठरवलंय.

चाळीसगावला गाडी बदलताना पोरीचा हात सोडू नकोस. भाऊला वाकून नमस्कार करून नीघ, तो मनाचा वाईट नाही. पितांबरराव पुन्हा यायच्या आत निघायला हवं, म्हणून आखाजीची वाट पाहू नकोस. कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीने निघता ते उलट टपाली कळव.

ताईबाई