घरात मराठीच

आई,

मी सहा दहाला निघतेय, आज माझ्याऐवजी सांजदैनिकाचं पान लावायला कोणी नाही. बापूंची रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर दे. "आता बरंय" म्हणाले तरी दे, मागे त्यांनी असंच म्हणून ती बंद केली होती. पुन्हा तोंड वाकडं दिसलं किंवा हात लुळा पडला, तर घड्याळ बघून वेळ लक्षात ठेव आणि आधी १०८ला फोन कर, मला नंतर.

काल मी तुझ्यावर ओरडले, चुकलं. फार दमले होते. पण घरात मराठीच बोलायची हा नियम बापूंचा होता आणि आता तो त्यांनाच पाळता येत नाही. झटक्यानंतर त्यांना मराठी शब्द सापडत नाहीत, चाळीस वर्षं ऑफिसात बोललेली गुजराती तेवढी येते. स्पीच थेरपीच्या बाई म्हणाल्या, जी येतेय ती बोलू द्या. तू "मराठीत सांगा" म्हणालीस की ते गप्पच होतात.

ते तुला विसरले, असं तुला वाटतं. काल तू दार लावून रडत होतीस, तेव्हा त्यांनी तुझं नाव घेऊन मला तीनदा विचारलं, "सुहास क्यां गई?"

आज विचारलं तर तू ओ दे.

मधू