कोंडवडीच्या पावसाचं माप

१२ मे १९१६

माप आलं! लोणावळ्याहून मकसूद बैलगाडीतून पेंढ्यात गुंडाळून घेऊन आला. तांब्याचं नळकांडं, वर नरसाळं, आत बाटली, आणि सोबत रेघा आखलेली काचेची नळी. मकसूद कंपनीच्या कचेरीत शिपाई आहे. कंपनीला म्हणे इथल्या सगळ्या खोऱ्यांतला पाऊस मोजायचा आहे. कशाला, ते त्यालाही नीट सांगता येईना.

"मुंबईला वीज न्यायचीय म्हनत्यात मास्तर. पान्यापासनं वीज!"

मी म्हटलं, पाण्यापासून सर्दी होते एवढंच मला ठाऊक.

रोज सकाळी आठला बाटलीतलं पाणी नळीत ओतायचं, किती ते तक्त्यात लिहायचं, महिनाअखेर तक्ता लोणावळ्याला. अख्ख्या कोंडवडीत घड्याळ एकट्या शाळेत, म्हणून काम मास्तरच्या गळ्यात. पण मला आवडलं. आहे ते लिहायचं, कमी नाही की जास्त नाही. या गावात असं दुसरं काम कुठलं?

शालू मापाभोवती दोनदा फिरली. "एवडं चांगलं तांब्याचं भांडं, आन् उगड्यावर?" लग्नाला अकरा वर्षं झाली, बायकोची नजर अजून भांड्यांवरच!

२३ जून

झुंबरमावशीच्या म्हशीनं शाळेपुढचं कुंपण तुडवलं. माप आडवं. शेजारीण म्हणून काही बोलवत नाही. त्यातून तिचं वय सत्तर, आणि म्हैस तिला लेकीसारखी. "तिला काय कळतंय मास्तर? तिला वाटलं आंबोण ठिवलंय."

माप उचलून आमच्या अंगणात आणलं. तुळशीपासून चार हातांवर पक्कं गाडलं. इथं निदान नजरेसमोर राहील. कचेरीला कळवलं.

२९ जून

दोन दिवस कडकडीत उघाड. मापात काही नाही. तक्त्यात शून्य मांडताना उगाचच वाईट वाटलं, मीच नापास झाल्यासारखं. शालूला बोलून दाखवलं तर म्हणाली, "दारातलं भांडं रिकामं आसू न्हाई. आमच्या माहेरात निजतानाबी घागर भरून ठिवत्यात."

आता हिला कोण समजावणार, की हे भांडं रिकामं असलं तर रिकामंच लिहायचं असतं!

२१ जुलै

चमत्कार. काल सांजेपासून पाऊस थांबला होता. छपरावर थेंब वाजला नाही. तरी सकाळी मापात पाऊण इंच. पहाटे सर येऊन गेली असणार, मला झोप लागली असेल. शालू पहाटेच उठते, न्हाते, तुळशीला पाणी घालते, म्हणून तिला विचारलं. हसली. "आसंल की."

नळीत दिसलं ते लिहिलं. मास्तरचं मत लिहायला तक्त्यात रकाना नाही.

१५ ऑक्टोबर १९१६

पावसाळा संपला. बेरीज केली. दोनशे एकतीस इंच! मकसूद सांगत होता, डोंगरापलीकडं शेवतेवाडीच्या खोऱ्यात एकशे शहात्तर. मधे एक खिंड तेवढी. शेवतेवाडी म्हणजे शालूचं माहेर. तिचा भाऊ महिपती दसऱ्याला आला होता, त्याला म्हटलं, तुमच्यापेक्षा पंचावन्न इंच पुढे आहोत बरं का!

"दाजी, आमचाच पाऊस खिंडीतनं वडून घेताय तुमी," म्हणाला. सगळे हसले. शालूच्या तोंडावर तर असा आनंद की जणू तिनंच पाडला.

९ ऑगस्ट १९१७

इंजिनियर साहेब स्वतः आले! आपल्याकडचेच आहेत, चांगलं मराठी बोलतात. गुडघाभर चिखल तुडवत आले. माप पाहिलं, माझे तक्ते चाळले. "मास्तर, इतकं स्वच्छ टिपण आमच्या कुठल्याच ठाण्यावर नाही. खाडाखोड म्हणून नाही."

अंगणात बसून मुंबईचं सांगत होते. दर महिन्याला हजारो माणसं येऊन आदळताहेत. गिरण्या वाढल्या, ट्रामा वाढल्या. कोळशाच्या धुरानं कपडे वाळत घालायची सोय नाही. एकेका खोलीत दहा दहा माणसं. सगळ्यांना दिवा पाहिजे. समुद्र दाराशी, पण त्या पाण्याचा उपयोग काय? "मुंबईचं सगळं तुमच्या या डोंगरांवर आहे," म्हणाले.

मुंबई मी पाहिलेली नाही. पण माझ्या आकड्यानं तिथं दिवा लागणार, हे ऐकून छाती फुगली. खोटं कशाला बोलू.

साहेब गेल्यावर शालूनं मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. माझी नाही, मापाची!

१४ फेब्रुवारी १९१८

नोटीस आली. चावडीवर ती वाचून दाखवायचं कामही माझंच. इथं वाचता येतं कुणाला?

आमच्या खोऱ्याच्या तोंडाशी भिंत. कोंडवडी, खालची वाडी, सगळी भातखाचरं, देऊळ, शाळा – सगळं पाण्याखाली. वाचता वाचता दोनदा थांबलो. मग रखमाजी पाटलांनी विचारलं, "आमचंच गाव का? शेवतेवाडी का न्हाई? तितं तर खोऱ्याचं त्वांड लय अरुंद."

मकसूद नोटीस घेऊन आलेला, मान खाली घालून उभा होता. तोच बोलला. "तितं पाऊस कमी पडतो, पाटील. कागदावर तसं हाय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"म्हंजी मास्तर, तुमी लिवलं म्हनून?"

मी म्हटलं, मी पडला तेवढा लिहिला. एक थेंब जास्त लिहिला असेल तर हात झडेल माझा. खरं आहे ते. पण ते बोलताना माझ्याच कानांना ते ओशाळवाणं लागलं.

१६ फेब्रुवारी

पाणवठ्यावर शालूशी कुणी बोलत नाही. शाळेत आज चारच पोरं.

ती दोन दिवस जेवलेली नाही. आज चुलीपुढं बसून विचारलं, "पावसामुळंच का वं? आपल्या अंगनातल्या मापामुळं?" मी म्हटलं, हो. पण त्यात आपला काय दोष? पाऊस देवानं पाडला, मी लिहिला.

हातातलं लाकूड तिनं चुलीत सारलं. मग उठून परसात गेली. माझी समजूत घालणारी ही, आज मीच हिची घालतोय.

३० जून

शालू हल्ली तुळशीला पाणी घालून पाठ फिरवून येते. मापाकडं बघत नाही. यंदा पाऊसही धड नाही. पाटील म्हणाले, "आता रुसून काय उपेग त्याचा?"

१७ ऑक्टोबर १९१८

तापाची साथ आमच्या वाडीतही आली. काल दोन माणसं गेली. शालूला सकाळपासून ताप.

१९ ऑक्टोबर

ताप उतरत नाही. खालच्या वाडीचे वैद्य स्वतःच अंथरुणात. झुंबरमावशी उशाशी बसून आहे, हलायला तयार नाही.

२० ऑक्टोबर

शालूनं एकदाच डोळे उघडले. ओठ सुकलेले. तिचाच पितळी गडू भरून तोंडाशी नेला. गडू पाहून मान फिरवली. पुन्हा नेला, पुन्हा फिरवली. "नगं. त्यो नगं." मग वाटीनं पाजलं. काही सांगायचं होतं तिला. "आवं, मी –" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, बरी झालीस की सांग.

२१ ऑक्टोबर

शालू गेली.

२ नोव्हेंबर

आठ वाजता मापापाशी जाऊन उभा राहिलो. का वाचायचं? तरी वाचलं. शून्य.

३ ऑक्टोबर १९१९

भिंतीचं काम जोरात आहे. सुरुंगांनी शाळेची कौलं हलतात. यंदाच्या पावसाची बेरीज एकशे ब्याऐंशी. शालू हसती होती ती दोन वर्षं दोनशे तीसच्या खाली आला नव्हता. ती खचली, मग गेली, आणि पावसानंही हात आखडता घेतला. असलं लिहू नये. पण वही माझी, कचेरीची नव्हे.

२२ एप्रिल १९२०

कोंडवडी उठली. लोकांनी वासे, दारं, जाती गाड्यांवर घातली. बहुतेक खिंडीपलीकडं शेवतेवाडीला चालले. महिपतीनं आपल्या डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत त्यांना जागा करून दिली. बहिणीच्या गावाची माणसं म्हणून. झुंबरमावशीही त्यांच्यातच. म्हशीचं दावं हातात, मागं वळून बघितलं नाही.

महिपतीनं शालूची तुळस मुळांसकट उकरून नेली. मला म्हणाला, "दाजी, तुमीबी चला. तुमच्यावर माजा राग न्हाई."

त्याचा नाही. पाटलांचा आहे. निघताना ते माझ्याशी बोलले नाहीत.

मी गेलो नाही. कंपनीनं पाण्याच्या वरच्या अंगाला टेकाडावर एक खोली दिली आहे. माप तिथं हलवलं. शाळा नाही, पोरं नाहीत. पाऊस मोजणारा एवढाच उरलो.

२८ ऑगस्ट १९२१

पाणी शाळेच्या पायऱ्यांवरून गेलं. देवळाचा कळस चार दिवस दिसत होता, आज नाही. जिथं शालूला अग्नी दिला तो ओढ्याकाठ तर जुलैतच गेला. आता तिच्यासाठी बसायला एक दगडसुद्धा नाही मला. ढसाढसा रडलो. बघायला कोण आहे इथं!

मकसूद परवा येऊन गेला, म्हणाला, मुंबईत रस्तेच्या रस्ते उजळलेत म्हणे. असतील. त्याचं बिचाऱ्याचं तोंड उतरलेलं होतं.

१८ सप्टेंबर १९२१

आज जे कळलं ते लिहितो.

झुंबरमावशी आली होती. या वयात खिंड चढून! फडक्यात भाकरी आणि वालाची भाजी. "शालूच्या तुळशीला मंजिऱ्या आल्यात, म्हनलं मास्तरला सांगून येवं." जेवलो. मग बाहेर मापापाशी टेकली, त्याच्यावरून हात फिरवला आणि अगदी सहज म्हणाली,

"मास्तर, ह्याला आता पानी कोन घालतं?"

मला कळेना. म्हटलं, याला पाणी कोण कशाला घालेल?

"शालू घालायची की. पाटंला न्हाऊन तुळशीला पानी घालायची, आन् गडूत उरलंलं ह्याला. हळदकुकूबी लावायची, तुमाला दिसू नये म्हनून मागल्या अंगाला. मी म्हनायची, कंपनीचं भांडं हाय गं, नको. तर म्हनायची, रिकामं निगालं की ह्यांचं त्वांड उतरतं वं मावशी."

मी उठून मापाच्या मागं गेलो. तळाशी, कडेच्या खाचेत, लाल चिमूटभर अजून होतं. पाच वर्षं रोज हाताळलं मी हे नळकांडं. रोज फक्त नळी बघितली.

"नोटीस आली त्या दिसापासनं बंद केलं तिनं. लय रडली. मला म्हनली, मावशी, कुनाला सांगू नगा. न्हाई सांगितलं मी. आज बाई जीभ सुटली."

म्हणजे तिला कळलं होतं. आठ महिने कळून ती माझ्याशेजारी जेवली, झोपली. आणि मी तिला सांगत होतो की पाऊस देवानं पाडला! शेवटी गडूवरून मान फिरवली, तेही मला उमगलं नाही. शालू, कशाला गं? मला शून्याचं वाईट वाटलं, ते एका दिवसाचं होतं गं. एका दिवसाचं!

मावशीला म्हटलं, हे आता आपल्या दोघांतच. म्हातारी घाबरली. "माजं काय चुकलं का?" नाही म्हटलं. कुणाचंच नाही.

२१ सप्टेंबर

लोणावळ्याला चालत गेलो. साहेबांना सगळं सांगायचं ठरवून. जुने तक्ते चुकीचे आहेत, कोंडवडीचा पाऊस शेवतेवाडीइतकाच आहे. गाव परत येणार नाही, पण खरं ते खरं.

कचेरीत विजेचा दिवा भर दुपारी जळत होता. मी तोंड उघडायच्या आत साहेबच म्हणाले, "बरं झालं आलात. धरण भरत नाही, मास्तर. दोन कारणं असू शकतात. एक तर भिंतीच्या पायात गळती आहे. नाहीतर तुमच्याकडं तेवढा पाऊस मुळात कधी नव्हताच, पहिली दोन वर्षं देवकृपेची."

त्यांनी टेबलावर नकाशा पसरला.

"पुढच्या पावसाळ्यात तुमचा आकडा पूर्वीसारखा आला तर गळती धरून चालू, पाया उकरू. नाही आला तर शेवतेवाडीच्या खोऱ्याच्या तोंडाशी दुसरी भिंत घालायची आणि डोंगरातून बोगदा काढून ते पाणी इकडं आणायचं. नकाशे तयार आहेत. मुंबई आमच्यासाठी थांबत नाही हो. तिला जेवढं द्यावं तेवढं थोडंच."

मग खांद्यावर हात ठेवला. "आम्ही सगळे तुमच्या आकड्यावर अवलंबून आहोत. तुम्ही जे लिहाल ते खरं."

जिभेवर आलेलं गिळलं. नमस्कार केला आणि निघालो. येताना खिंडीत थांबलो. खाली शेवतेवाडीच्या खाचरांत भात पोटरीला आलेलं, कणसं धरायच्या बेतात. महिपतीचं घर, आमच्या लोकांची नवी छपरं, त्यांतच कुठं तरी ती तुळस. दोनदा घर सोडायचं या माणसांनी?

५ ऑक्टोबर

बेरीज एकशे एकोणऐंशी. खरी. पाठवली.

२४ जून १९२२

रात्रभर रिपरिप होती. पहाटे उठलो, न्हालो. शालूचा पितळी गडू घासून लख्ख केला, भरला आणि अर्धा मापात ओतला. आठ वाजता बाटली काढली, नळी डोळ्यांच्या रेषेत धरली. दोन इंच दहा.

नळीत दिसलं ते लिहिलं.