सिअ‍ॅटल फायनलला गेली तर

११ ऑक्टोबर २०२५, शनिवार

जिंकले! पंधरा डाव! नऊ डावांचा खेळ, पण बरोबरी सुटेपर्यंत हे लोक थांबत नाहीत. पहाटे लावलेली मॅच नाश्त्याची वेळ टळली तरी चालूच. गिऱ्हाइकं शटर वाजवून गेली. मी मशीनच्या स्टुलावरून हलले नाही. दिवाळीच्या तोंडावर पिको-फॉलच्या साड्यांचा ढीग पडलाय आणि वंदनाबाई बेसबॉल बघतायत! बघतायत. कोणाचं काय जातं?

अंकुशचा सिअ‍ॅटलहून फोन. घसा पार बसलेला. "आई, आता एकच सिरीज. चार मॅच जिंकल्या की फायनल! तुझी शर्त आठवते ना?"

न आठवायला काय झालं? मीच घातलीय.

१२ ऑक्टोबर, रविवार

दोन वर्षांपूर्वी त्याच्याकडे गेले होते, तेव्हाची गोष्ट. पोरगं रोज एकच रेकॉर्ड लावायचं — सक्करदऱ्याचं घर विक, दुकान बंद कर, इथेच राहा. शेवटी एअरपोर्टवर म्हटलं, "तुझी मॅरिनर्स फायनल खेळेल त्या दिवशी येते कायमची!" तो जोरात हसला. ही सिअ‍ॅटलची टीम पन्नासेक वर्षांत एकदाही फायनलला गेलेली नाही. बाकी सगळ्या कधी ना कधी जाऊन आल्या. म्हटलं, माझं घर सुखरूप आहे.

इथे शटरवर माझ्या नावाचा बोर्ड आहे — वंदना पिको-फॉल. तिथे मी अंकुशची आई. रितिका सून म्हणून गुणाची आहे, पण तिच्या घरात दिवसभर करू काय? खिडकीतून गाड्या मोजू?

घोळ एवढाच झाला, की त्याआधीच त्याने मला स्टेडियममध्ये नेलं होतं. आपली टीम मस्त आपटली. शेजारी एक म्हातारी, पेन्सिलने कार्डावर एकेक चेंडू लिहीत होती. मला शेंगा दिल्या, सालांसकट. म्हणाली, लग्न झाल्यापासून येतेय. पुढच्या वर्षी बघ! राग नाही, रडगाणं नाही. तिच्यासाठी म्हणून बघायला लागले, आणि लागलं की याड.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

टोरंटोत जाऊन दोन्ही मॅच मारल्या! आनंदाने टाळी वाजवली आणि मग बोटांवर मोजलं. आणखी दोनच.

म्हणजे मी कोणाच्या बाजूने आहे?

१६ ऑक्टोबर

हरले. तेरा रन खाल्ले.

१७ ऑक्टोबर

परत हरले, तेही घरच्या मैदानावर. दोन-दोन बरोबरी.

सावनेरहून बाई आल्या — माझी नणंद, मैनाबाई. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली, तरी दिवाळीला माहेर म्हणून याच घरी येतात. शर्तीचं ऐकून हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "म्हंजे हे घर विकलं तर मी भाऊबीजेले कोठी जाऊ वं?" मी उठले. चहा ठेवला.

१८ ऑक्टोबर, धनतेरस

बेस तिन्ही भरलेले, म्हणजे तीन गडी धावायला उभे, आणि आपल्या चौथ्याने चेंडू थेट प्रेक्षकांत घातला. एका फटक्यात चार रन! बाई दचकून जाग्या झाल्या. मी ओरडले होते म्हणे. ओरडलेच होते.

आता एकच जिंकायची.

अंकुशचा हुकूम आला: "आई, तोच जांभळा गाऊन, तेच स्टूल. गाऊन धुवायचा नाही, मॅचमध्ये उठायचं नाही." टीम जिंकत असली की तिकडे लोक दाढी करत नाहीत, टोप्या धूत नाहीत, शकुन मोडतो म्हणे. शिकागोचे लोक तर टीम फायनल जिंकायला एकशेआठ वर्षं थांबले. जिंकल्यावर स्टेडियमच्या भिंतीवर खडूने मेलेल्या आजोबा-पणजोबांची नावं लिहिली, की बाबा रे, झालं एकदाचं! हे ऐकून मला रडू आलं होतं. असल्या लोकांना कोणी येडं म्हणू नये माझ्यासमोर.

२० ऑक्टोबर, नरक चौदस

लिहायलाही लाज वाटते.

साडेपाचला मॅच सुरू. मी स्टुलावर, गाऊन तोच. बाई तेलाची वाटी घेऊन डोक्याशी उभ्या. "उठ वं वंदना, दिवस निघून राह्यला! आजच्या दिवशी पहिली आंघोळ नाही केली तर नरकात जाशीन ना!" पाणी काढून ठेवलेलं, उटणं भिजवलेलं. थोरल्या नणंदेने तेल लावायला हात पुढे केला की नाही कसं म्हणायचं? उठले. म्हटलं, दोन मिनिटांत येते.

ओले केस घेऊन आले तर टोरंटोचे रन लागायला सुरुवात झालेली. मग लागतच गेले. हरलो.

अंकुश फोनवर एवढंच बोलला — "आई, तू उठली?"

"अरे, आंघोळीला..."

"जिंकले असते तर तुले यावं लागलं असतं. म्हणून उठली ना?"

फोन ठेवला त्याने! सणाच्या दिवशी! मला राग आला, खूप आला. मुद्दाम उठले नाही मी. नाही म्हणजे नाही. उद्या शेवटची मॅच. उद्या भूकंप झाला तरी हलणार नाही. जायचं तर जाऊ कायमची, पण माझ्या पोराने मला बेइमान म्हणायचं नाही.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

गाऊन रात्रीच बादलीतून काढून वाळवला होता. बाईंनी धुतला होता तो! तरी तोच घातला. स्टुलावर बसले. तिकडचे लोक टीमच्या अडीअडचणीला डोक्यावर बूट ठेवतात, म्हणून मी चप्पल ठेवली.

"लक्ष्मीच्या दिवशी डोक्शावर चप्पल! काहून वं, डोकं फिरलं का तुहं?"

"फिरलं, बाई. तुम्ही बसा."

बसल्या. पडद्याकडे बोट करून म्हणाल्या, "आपले कोणते?" आपले! जिंकलो तर त्यांचं माहेर जाणार होतं, आणि त्याच माझा गुडघा धरून बसल्या होत्या. तीन-एकने पुढे होतो. सातव्या डावापर्यंत फायनल हाताशी होती. मग त्यांच्या एका गड्याने तीन रनांचा फटका मारला, आणि चार-तीन. संपलं.

मी हलले नव्हते. चप्पलसुद्धा पडली नव्हती.

घर वाचलं, दुकान वाचलं. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि मग त्याच डोळे पुसायला लागल्या. मी तर हुंदके देऊन रडले. शर्त जिंकलेली बाई अशी रडते का कधी?

अंकुशने व्हिडिओ कॉल लावला. तोंड एवढंसं झालेलं. लहानपणी पडला की असंच तोंड व्हायचं. मग म्हणाला, "कालचं मनात नको ठेवू आई. आता नाही म्हणणार तुले चल म्हणून."

हेच तर हवं होतं मला दोन वर्षं. ऐकून बरं नाही वाटलं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

बाईंच्या हातात घराची दुसरी किल्ली दिली. बोर्ड उतरवायचा नाही, बजावलं. मग अंकुशला फोन केला. शर्त हरले असते तर जावंच लागलं असतं. आता कोणी जा म्हणत नाही, म्हणून जाणार. "जूनचं तिकीट काढ. परतीचंही. नोव्हेंबरचं, दिवाळीच्या आत. पुढची दिवाळी नोव्हेंबरात आहे."

"नोव्हेंबर? इतक्या उशिराचं काहून आई?"

"काहून म्हणजे? फायनल ऑक्टोबर संपेपर्यंत चालते ना!"