किसनदादाच्या फोनमधले बावीस फोटो

३ फेब्रुवारी
पुन्हा तेच! हा विश्वजित महाप्याला सॉफ्टवेअर कंपनीत, एसीत बसतो, म्हणून सगळं यालाच कळतं? जुईनगरच्या खोलीचं भाडं आम्ही दोघं निम्मं-निम्मं भरतो, अक्कल मात्र एकटा त्याच्याकडं! यार्डातल्या कंटेनरच्या नोंदींसाठी मी फोनवर बघून-शिकून एक पान लिहितोय, त्यावरून जेवताना परत सुरू — "दत्तू, ब्राउझरमधलं पान ते. कुणी ब्राउझर साफ केला की नोंदी गायब. त्याच पानाला ॲपची खोळ घाल, फोनमध्ये बसव." आठवी नापास असलो तरी यार्डात मी राबतो, तो नाही. आमच्या लोकांच्या फोनमध्ये नव्या ॲपला जागा कुठाय? शिवाय सुपरवायझरचा आयफोन, ऑफिसात कॉम्प्युटर. लिंक पाठवली की सगळीकडं चालतं. एकदाच लिहायचं. ठरलं!

७ फेब्रुवारी
चाललं! न्हावा शेव्याच्या आमच्या यार्डात पहिला मान किसनदादाचा. कंटेनर आला की नंबर टाकायचा, चेपलाय का त्याचा फोटो काढायचा. मागच्या कोपऱ्यात रेंज नाही — तोवर फोनमध्येच राहतं, रेंज आली की ऑफिसला जातं. दादा खूश. "आता कागद उडायचं टेन्शन नाय बघ!"
विश्वजितला कळवलं. उत्तर — नुसता अंगठा.

१२ फेब्रुवारी
घात झाला. दादानं जेवणाच्या सुट्टीत ब्राउझर साफ केला. सगळेच करतात, फोन भरला की. त्याच्या पोरीचा, संघप्रियाचा, गॅदरिंगचा व्हिडिओ उतरत नव्हता. मागच्या कोपऱ्यातले, अजून ऑफिसला न गेलेले बावीस फोटो गेले. त्यातला एक कंटेनर आधीच चेपलेला आला होता — आता पुरावा कुठला?
सुपरवायझर अंकुश साहेब म्हणाले, "फोटो काढलाच नसशील, किसन."
दादानं माझ्याकडं बघितलं. मी बुटाकडं.

१३ फेब्रुवारी
चूक त्याचीच. कुणी सांगितलं होतं साफ करायला?

१५ फेब्रुवारी
त्या चेपलेल्या कंटेनरपायी दादाच्या पगारातून साडेचार हजार कापणार.
साफ करू नका, हे तरी मी कुणाला सांगितलं होतं?
विश्वजितला विचारलं, खोळ कशी घालतात. वाटलं, आता टोमणे मारणार. "बस इथं," एवढंच म्हणाला.

२१ फेब्रुवारी
झालं! पान तेच, फक्त नोंदी आता ॲपच्या स्वतःच्या जागेत. आकार एका छोट्या व्हिडिओएवढा — उगाच जागा-जागा करत होतो. साहेबांचा आयफोन लिंकवरच राहू दे, त्यांना नुसतं बघायचंय.
दादाच्याच फोनवर तीन वेळा ब्राउझर साफ केला. बंद केला, चालू केला. फोटो जागेवर!
दादा म्हणाला, "आधी का नाय केलंस रे?"
रागानं नाही म्हणाला. तेच लागलं.

२८ फेब्रुवारी
साहेबांना सांगितलं — दादानं फोटो काढले होते, माझ्या पानानं घालवले. "कापलेलं परत येत नसतं," म्हणाले.
आईला फोन केला, या महिन्यात पैसे पाठवायला जमणार नाही.
किसनदादाला पाठवतोय — ४५०० रुपये.